पांढऱ्या ठिपक्यांचा पूल

पुलावर माणूस नव्हता. एवढी एकच गोष्ट आईच्या मनातून जाता जात नव्हती.

बाकी सगळं होतं. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा असायच्या, तिथे आता आगगाडीचा एक लाकडी पूल उभा होता. दीड मीटर लांब, हातभर उंच. खांबांच्या चौकटी, त्यांना आडव्यातिडव्या ठोकलेल्या पट्ट्या, वर रुळाखालचे आडवे स्लीपर, रूळ, कठडा. प्रत्येक सांध्यावर खसखशीएवढे नट आणि प्रत्येक नटाखाली गंजाचा बारीक ओघळ. लाकडाला आग लागली तर विझवायला पाण्याची पिंपं ठेवतात, तीही होती, आणि पिंपातलं पाणीसुद्धा हिरवट. कठड्यावर पक्ष्यांची शिट. पण माणूस नाही.

मुलाने आजवर केलेल्या प्रत्येक पुलावर निदान एक तरी माणूस असायचाच. बोटाच्या दीड पेराएवढा, कधी कंदील घेतलेला, कधी नुसताच कठड्याला टेकलेला. "माणूस उभा केल्याशिवाय फोटोत उंची कळत नाही," असं तोच सांगायचा. त्या माणसांचा पत्र्याचा डबा आता वरच्या फळीवर होता आणि त्याच्या झाकणावर धूळ साचली होती.

आईने एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. काचपट्टीवर नको ते दिसलं तर कुणालाही कळतं, पण असायला हवं ते दिसत नसेल तर तिथे थांबायची सवय लागावी लागते. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. म्हणून मुलगा अंघोळीला गेला की ती मागच्या खोलीत जायची आणि टेबलावरची पाती मोजायची. लाकूड कापायची सात पाती होती. सात भरली की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग ती पुलाकडे बघायची, आणि तो पुन्हा टांगणीला लागायचा.

पाच महिने झाले होते त्याला घरी येऊन.

मुलगा पूल-तपासनीस होता. मुख्य लाइनवरचा नव्हे. खाणीतला दगड वाहून नेणाऱ्या एका फाट्यावर, खोल दरीवर, लाकडी खांबांचा एक जुना उंच पूल होता आणि तो धडधाकट आहे की नाही हे बघायचं काम त्याचं. पदविका घेऊन नोकरीला लागला तेव्हा आईला वाटलं होतं, कार्यालयात बसेल, नकाशे काढेल. पहिल्याच आठवड्यात तो गुडघे सोलून घरी आला. कमरेला दोर, हातात हातोडी. खांबावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. भरीव लाकूड टणकन वाजतं, आतून कुजलेलं भदभद वाजतं. हे सगळं त्याला शिकवलं मुकादमाने.

मुकादम त्याच्या टोळीचा म्होरक्या, वयाने वडिलांसारखा. वडील तर मुलगा शाळेत असतानाच गेले होते. मुकादम त्याला 'मास्तर' म्हणायचा, कारण मुलाचं अक्षर सुरेख होतं आणि तपासणीची वही तो परीक्षेचा पेपर लिहावा तशी लिहायचा. आणि आईला तो म्हणायचा 'हेड ऑफिस'. आई दिवसातून तीन-चारदा फोन करायची ना. जेवलास का, दोर बांधलास का, ऊन आहे, टोपी घातलीस का. फोन वाजला की दरीत आवाज घुमायचा आणि मुकादम खालून ओरडायचा, "मास्तर, हेड ऑफिसचा फोन. उचला, नाहीतर आपली सगळ्यांची बदली होईल."

एकदा तो घरी आला होता, तेव्हा आईने त्याला विचारलंच.

"मी फार फोन करते का हो?"

"छे छे," चहाचा कप खाली ठेवत मुकादम म्हणाला. "आमच्या बायकोला माझी आठवणच येत नाही. कुणाचा तरी फोन येतो, बरं वाटतं ऐकायला."

लहान पूल करायचा नाद मुलाला तेव्हाच लागला. दिवसभर जे ठोकून बघायचा, तेच सुट्टीच्या दिवशी घरी करायचा, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाने. लाकडाच्या काड्या पोलादी ब्रशने ओरबाडून त्यावर रेषा उमटवायचा. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा आणि ते पाणी काड्यांना लावायचा, की पांढरंशुभ्र लाकूड दोन दिवसांत चाळीस पावसाळे खाल्ल्यासारखं करडं व्हायचं. स्वयंपाकघरातल्या बरण्या एकेक करून गायब व्हायला लागल्या. आई कटकट करायची, पण तिला आवडायचंही. फोटो काढायच्या वेळी तर तिलाच हाक यायची, कारण तिचे डोळे पक्के. कॅमेरा इवल्याशा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की धुळीचा कण धोंड्याएवढा दिसतो आणि केसाचा दोरखंड होतो. ती भिंग घेऊन बसायची आणि रंगाच्या मऊ ब्रशने एकेक कण उचलायची. एकच दिवा, खाली आणि एका बाजूने, म्हणजे सकाळचं ऊन. मागे रंगवलेलं आभाळ.

त्यातल्या एका फोटोने मोठीच गंमत केली होती. खात्याच्या कॅलेंडरसाठी कुणीतरी 'आपले पूल' म्हणून चित्रं मागवली. मुलाने गमतीने आपल्या टेबलावरच्या पुलाचा फोटो पाठवला, आणि तो खरा समजून छापला गेला. मोठमोठ्या साहेबांच्या भिंतीवर महिनाभर आईच्या इस्त्रीच्या टेबलावरचा पूल लटकला. कुणालाही कळलं नाही. फक्त मुकादमाला कळलं. तो कॅलेंडरसमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, कठड्यावर पक्ष्यांची शिट कुठंय? असला स्वच्छ पूल मी सत्तावीस वर्षांत बघितला नाही. हा तुमच्या आईने पुसलाय."

तेव्हापासून मुकादम त्याला एकेक बारकावा सांगायला लागला. नटाखालचा ओघळ सरळ येत नाही, वाऱ्याच्या बाजूला झुकतो. बदललेला खांब पाच वर्षं तरी इतरांहून उजळ राहतो. रुळांच्या मधल्या लाकडावर इंजिनाचं तेल गळून काळा पट्टा पडतो. आणि पांढरा ठिपका विसरायचा नाही.

ठिपक्याचं असं होतं. पूल अरुंद. गाडी आली तर अंग चोरायला जागा नाही. म्हणून दर पाच चौकटींनंतर कठड्याच्या बाहेर एक छोटं मचाण काढलेलं असतं, चार फळ्यांचं, खाली दोन लाकडी टेकूंवर तोललेलं. गाडीची शिट्टी ऐकली की जवळच्या मचाणावर जाऊन उभं राहायचं. त्या पुलावर अशी बारा मचाणं होती. दरवर्षी तपासनीसाने प्रत्येक मचाणाच्या टेकूवर हातोडीचे दोन ठोके मारायचे, मग कठडा धरून फळीवर तीन उड्या मारायच्या, आणि मग बाजूच्या खांबावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. टोळीतलं कुणीही फळीकडे बघत नसे. गाडी अंगावर येत असताना फळी बघायला वेळ कुणाला? ठिपका दिसला की पाय टाकायचा. "तुमच्या ठिपक्यावर माझा पाय," मुकादम म्हणायचा, "आणि माझ्या पायावर माझं घरदार. तेव्हा रंग चांगला लावा."

अकराव्या मचाणावरून मुकादम खाली पडला. फळ्यांसकट. वीस मीटर खाली दगड होते.

चौकशी झाली. मचाणावर त्याच्याबरोबर रूळ उचलायचा जॅक सापडला, म्हणजे खाली, त्याच्या शेजारी. मचाणावर जॅक नेऊ नये असा नियम होता. वहीत बघितलं तर अकराव्या मचाणाची तपासणी अकराच दिवसांपूर्वी झालेली, सुरेख अक्षरात. मुलाला विचारलं, तपासलं होतं का? तो म्हणाला, हो. मग प्रश्नच मिटला. नियमाबाहेर वजन नेलं, मयताची स्वतःची चूक, असं कागदावर आलं. अकराव्या मचाणाला नवीन फळ्या आणि टेकू बसले. मुकादमाच्या बायकोला तो कागद वाचून दाखवला तेव्हा मुलगा तिथेच उभा होता. तिथून घरी आला तो आजारपणाची रजा टाकूनच.

पहिले पंधरा दिवस तो नुसता पडून होता. मग एक दिवस उठला आणि लाकडाच्या काड्या कापायला बसला.

"काम करतोय ना? करू दे," थोरली लेक फोनवर म्हणाली. "तू त्याच्या दारात उभी राहू नकोस, आई. माणसाला गुदमरायला होतं."

"मी कुठे उभी राहते? जाता-येता बघते फक्त."

"तू जाता-येता जेवढं बघतेस ना, तेवढं लोक दुर्बिणीतून बघत नाहीत."

"अगं, पण त्याने माणूस नाही ठेवला पुलावर."

"ठेवेल. मागून ठेवेल. तुला काहीही पुरतं बघ काळजीला."

लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट होती, ती तिने लेकीला सांगितली नाही, कारण ती स्वतःलाच नीट सांगता येत नव्हती. या वेळी मुलाने अख्खा पूल केलाच नव्हता. शेवटचाच तुकडा केला होता. नवव्या मचाणापासून बाराव्यापर्यंत, आणि पुढे पलीकडचा दरीचा काठ. इतके दिवस तिला वाटत होतं, जागा पुरणार नाही म्हणून असेल.

शनिवारी दुपारी दार वाजलं. टोळीतला एक गँगमन आला होता, जाड भिंगांचा, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. हातात फडक्यात गुंडाळलेली हातोडी.

"मास्तरांची राहिली होती शेडमध्ये," तो म्हणाला. "गंज चढायला लागला. म्हटलं देऊन येऊ."

आईने त्याला बसवलं, चहा टाकला. मुलगा खोलीतून बाहेर आला. दाढी वाढलेली, बोटांना करडा रंग. चष्मेवाल्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि उगाचच हसला.

"काय मास्तर, साधू व्हायचं ठरवलंय का?"

"कसं चाललंय?" मुलगा म्हणाला.

"चाललंय. नवीन मुकादम आलाय, बोलतो फार. आपले मुकादम एक शब्द बोलायचे, याला दहा लागतात." चष्मेवाल्याने कपात बघितलं. "कालचीच गंमत सांगतो. दहाव्याजवळ काम करत होतो, मालगाडी आली. आम्ही चौघं मचाणावर. चौघं म्हणजे बघा, लोणच्याच्या बरणीत लिंबं भरावीत तसे. बावन्न डबे मोजले मी. आणि याची बडबड काही थांबेना."

"दहाव्यावर?" मुलाने विचारलं.

"हो."

"चौघं?"

"अहो, मग काय करणार? ठिपका आहे की तुमचा." चष्मेवाला उठला. "बरं, निघतो. सोमवारपासून रगडा आहे. नऊ ते बारा सगळे स्लीपर बदलायचेत. आठवडाभर तिथंच. तुम्ही लवकर या हो, वही लिहायला कुणी नाही."

तो गेला. मुलगा हातोडी हातात धरून तसाच उभा राहिला. फडकंही सोडलं नाही त्याने. मग आत गेला आणि दार लोटून घेतलं.

आई कप विसळायला लागली. एक कप तिने दोनदा विसळला. त्याने मुकादमाबद्दल विचारलं नव्हतं, मुकादमाच्या बायकोबद्दल विचारलं नव्हतं. दोनच प्रश्न विचारले होते. दहाव्यावर? चौघं? हात पुसून ती सरळ मागच्या खोलीत गेली, या वेळी दारात न थांबता.

मुलगा कॅमेऱ्यामागे बसला होता. दिवा लावलेला, खाली आणि एका बाजूने.

"धूळ काढू का?" तिने विचारलं.

त्याने खुर्ची जराशी मागे घेतली. तिने भिंग घेतलं, ब्रश घेतला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या पुलाशी खाली वाकली. वरून बघताना जे दिसत नव्हतं, ते खालून दिसायला लागलं. नववं मचाण: फळ्या जुन्या, पण खालचे टेकू भरीव, सरळ. खांबावर मोहरीएवढा पांढरा ठिपका. दहावं मचाण: वर तशाच फळ्या, तसाच ठिपका. पण खाली, टेकू जिथे खांबाला मिळतो तिथे, लाकूड काळपट, मऊ, तंतू सुटलेले. त्याने ते सुईने उकरून उकरून केलं होतं. आतली पोकळी दिसावी इतकं. अकरावं तसंच. बारावं तर अर्धं सुटलेलं.

तिने पुन्हा नववं पाहिलं. मग पुन्हा तीनही. प्रयोगशाळेत शंका आली की ती अशीच पट्टी मागेपुढे सरकवायची. आपला डोळा फसतोय असं निघावं, अशी तेव्हाही आशा असायची.

"वर ठिपका आणि खाली हे?" ती म्हणाली. "असं कसं?"

"तसंच आहे."

"कुणी केला ठिपका?"

"मीच."

"न बघता?"

त्याने दिवा जरासा खाली केला. सावल्या लांब झाल्या. "त्या दिवशी नऊपर्यंत नीट केलं. ठोके मारले, उड्या मारल्या. मग शेवटच्या तीन मचाणांना नुसता रंग लावला. चालता चालता. दोन मिनिटांत तिन्ही."

"पण का?"

तो दिव्याची मान फिरवत राहिला. तिला वाटलं, ऐकलं नाही की काय, म्हणून तिने परत विचारलं.

"तू फोन करत होतीस," तो म्हणाला.

आईच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"चार वेळा केलास. टीव्हीवर वादळ सांगितलंय म्हणून. तू उंचावर आहेस, आधी खाली उतर, मला हातपाय गळाल्यासारखं होतंय, म्हणालीस. चौथ्या वेळी रडत होतीस. मुकादम म्हणाले, जा बाबा, हेड ऑफिसचा हुकूम आहे. मी म्हटलं तीन राहिलीत. ते म्हणाले, मग उद्या कर. मी म्हटलं, नको, उद्या परत एवढं चढायला नको, होऊन जाऊ दे. आणि रंग लावला आणि उतरलो."

बाहेर कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

"वादळ आलं होतं का?" आईने विचारलं. तिला आठवत नव्हतं. अशी इतकी वादळं तिने त्याला फोनवर सांगितली होती.

"नाही. वारा होता थोडा."

ती स्टुलावर बसली. या मुलाला काही होऊ नये म्हणून तिने आजवर जेवढे फोन केले होते, ते सगळे एकामागून एक तिच्या कानात वाजायला लागले. ती रडली नाही. रडायचा हक्क चौथ्या फोनला संपला होता, असं तिला वाटलं.

"चौकशीत का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तेवढ्यात ते जॅकचं निघालं. सगळ्यांना सोपं झालं. मी हो म्हणालो, आणि मग ते परत घेता येईना." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता. "त्यांच्या बायकोला वाचून दाखवत होते, स्वतःची चूक, तेव्हा तिने माझाच हात धरला होता. मास्तर, हे असं कसं करतील हो, म्हणाली. इतके नियमाने वागणारे."

"आणि दहा आणि बारा?"

"ठिपका आहे ना. ज्याला ठिपका आहे ते कुणी परत बघत नाही."

"मग हा पूल कशाला करतोयस तू पाच महिने?"

आता तो जरा घाईघाईने बोलायला लागला, इतक्या दिवसांत बोलला नव्हता इतका. त्या दिवशी उतरल्यावर त्याने खालून एकदा वर बघितलं होतं, तेव्हा तिन्ही टेकूंचा रंग त्याला नीट दिसला नव्हता, पण मनात टोचलं होतं. मुकादम पडल्यावर तो परत खाली गेला होता, तेव्हा मात्र नीट बघितलं. तिन्ही तसेच. ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. तो तेच हुबेहूब करत होता. हुबेहूब झालं की फोटो काढायचा, दहाव्याचा आणि बाराव्याचा, खालून, सकाळच्या उन्हात. आणि निनावी पाकिटातून कार्यालयाला पाठवायचा. कॅलेंडरच्या वेळी कुणाला कळलं होतं का? आताही कळणार नाही. खऱ्या पुलाचा फोटो समजतील, माणूस पाठवतील, बघतील, बदलतील. कुणी विचारणारही नाही, कुणी ठिपका दिला, कधी दिला.

"मग पाठवलास का नाही?"

"बाराव्याच्या टेकूचा रंग जमत नाही. कुजलेलं लाकूड ओलं असताना एक तपकिरी असतो, तो येत नाही. फोटोत खोटं दिसतं. कुणाला तरी कळेल."

आईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खरंच तसं समजत होता. पाच महिने दोन मचाणं त्या दरीवर लटकत होती, त्यांच्यावर माणसं उभी राहत होती, आणि हा एका तपकिरी रंगासाठी थांबला होता. हे कळलं, आणि तरीही तो तिला परका वाटला नाही. एका खोट्या वादळासाठी चार फोन करणाऱ्या बाईचाच तो मुलगा होता. दोघांनाही भीतीपुढे दुसरं माणूस दिसत नव्हतं.

"सोमवारी तिथे टोळी जाणार," ती म्हणाली. "आठवडाभर."

"माहितीये."

"तो जाड चष्म्याचा, तोही."

"माहितीये, आई."

"मग फोटो राहू दे. फोन कर."

त्याने मान हलवली. नुसती हलवत राहिला. "मला नाही जमणार. मी तीनदा लावलाय. पलीकडून हॅलो म्हणतात आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

"मग मी करते."

"ते मला आत टाकतील."

आईला खोटं धीराचं बोलता आलं असतं. असं काही होत नाही, वकील बघू, तू आजारी आहेस. आयुष्यभर ती त्याच्याशी असंच बोलत आली होती.

"टाकतील बहुतेक," ती म्हणाली.

मग त्याने दिवा बंद केला. दिवा गेल्यावर तो पूल एकदम काड्यांचा झाला, गोंद लावलेल्या काड्यांचा, आणि मागचं आभाळ पुठ्ठ्याचं. त्यावर माणूस नव्हता, पण सोमवारी खऱ्या पुलावर असणार होता. एक नव्हे, अख्खी टोळी.

निघताना तिने टेबलावरची पाती उचलली. सगळी, सातही. त्याच्यासमोर, न लपवता, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली.

"हे कशाला?"

"असू दे माझ्याजवळ. तू बाहेर येऊन माझ्या शेजारी बस. एकटा नको बसूस इथे."

तो उठला नाही, पण त्याने दार लोटूनही घेतलं नाही.

बाहेरच्या खोलीत फोनच्या वरच्या भिंतीवर एक चिठ्ठी डकवलेली होती. मुलाच्या सुरेख अक्षरात, नोकरीला लागल्या लागल्या आईने हट्टाने लिहून घेतलेली. 'पुलावर कधी काही झालं तर' आणि खाली शेडचा आणि नियंत्रण कक्षाचा नंबर. नियंत्रण कक्षाला तिने आजवर कितीतरी वेळा फोन केला होता, दर वेळी उगाच, मुलाने उचलला नाही म्हणून. तिथला बाबू तिला आवाजावरून ओळखायचा. "बोला आई, आज कसलं वादळ?" असं विचारायचा, चेष्टेनेच, पण वाईट मनाने नाही.

शनिवारी चारपर्यंत तो असतो, हे तिला माहीत होतं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

काय बोलायचं ते तिने मनात जुळवून पाहिलं. आधी दहा आणि बारा सांगायचं, म्हणजे मध्येच आपल्याला रडू फुटलं तरी तेवढं पोचलेलं असेल. मग अकरावं: तेही खालून तसंच होतं, ते जॅकमुळे गेलं नाही, मुकादमाची चूक नव्हती, हे लिहून घ्या. मग ठिपके कुणी दिले ते. आणि त्या दिवशी घाई कुणी केली, चार वेळा फोन कुणी केला, तेही. ते कुणी विचारणार नव्हतं. नियमात त्याला रकाना नसेल. तरी ते ती सांगणार होती, आणि नंतर, आज नाही तर उद्या, मुकादमाच्या बायकोच्या दारात जाऊनही सांगणार होती.

मागच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो येऊन पॅसेजच्या तोंडाशी उभा राहिला, खांद्याने भिंतीला टेकून. तो थांबवेल म्हणून तिने वाट बघितली. तो थांबवेना.

"आता आधी शून्य लावावं लागतं," तो म्हणाला.

तिने फोन उचलला आणि आधी शून्य लावलं.